जुन्या लष्करी संगिनी: ओळख, डागडुजी आणि किंमत

माझ्या संग्रहात ब्रिटिश १९०७ नमुन्याची एक संगीन आहे. तिचं पातं आरशासारखं चकचकीत आहे, आणि ते तसं मीच केलं. हा नाद लागला तेव्हाची गोष्ट. काचपेपर घेऊन बसलो आणि दोन दिवसांत सगळा काळेपणा उतरवला. नंतर एका जुन्या संग्राहकाला ती अभिमानानं दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि एवढंच विचारलं, "ही कोणत्या वर्षी बनली?" मला सांगता येईना. वर्षाचा आणि कारखान्याचा ठसा मी घासून घालवला होता.

ती संगीन मी विकलेली नाही. नवीन कोणी आलं की आधी तीच हातात देतो. संगिनीची दुरुस्ती आणि तिची किंमत हे दोन वेगळे विषय आहेत असं सुरुवातीला वाटतं, पण ते एकच आहेत. पात्यावरचा प्रत्येक ठसा, मूळ रंगाचा प्रत्येक तुकडा, लाकडावरची प्रत्येक खूण किमतीत मोजली जाते, आणि दुरुस्तीच्या नावाखाली पहिल्यांदा बळी जातो तो याच गोष्टींचा. म्हणून पुढच्या पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमानं करा.

त्याआधी एक गोष्ट. संगीन हे शस्त्र आहे. ती बाळगणं, विकत घेणं, टपालानं पाठवणं, सीमेपलीकडे नेणं याचे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात. पैसे देण्याआधी आपल्या देशाचा कायदा वाचा आणि घेतल्याची पावती जपून ठेवा.

पहिली पायरी: काहीही करू नका

संगीन घरी आली की पहिला आठवडा फक्त बघायचं. फडकंसुद्धा फिरवायचं नाही. जशी आली तशीच तिची छायाचित्रं काढा: दोन्ही बाजू, पाठ, मुठीचं टोक, म्यानाचं तोंड आणि प्रत्येक ठशाचा जवळून एक फोटो. पुढे काही बिघडलं तर मूळ रूपाचा पुरावा एवढाच उरतो.

भागांची नावं आत्ताच पाठ करून घ्या, कारण विक्रेत्यांच्या वर्णनात तीच येतात. पातं आणि मूठ सगळ्यांना माहीत असते. दोन्हींच्या मध्ये आडवी येते ती क्रॉसगार्ड, आणि तिच्यावर बंदुकीच्या नळीच्या टोकावर बसणारं गोल कडं. मुठीच्या टोकाला पोमेल, त्यात बंदुकीवर बसणारी खाच आणि ती पकडून ठेवणारा खटका. क्रॉसगार्डला लागून पात्याचा जो जाड, बिनधारेचा भाग असतो तो रिकासो, आणि बहुतेक ठसे तिथेच सापडतात. पात्यावरच्या लांब खोबणीला फुलर म्हणतात. ती रक्त वाहून जावं म्हणून असते ही समजूत फार पसरलेली आहे, पण ती खोटी आहे. ताकद न घालवता पात्याचं वजन कमी करण्यासाठी ती असते.

मग मोजमाप. पात्याची लांबी, एकूण लांबी आणि कड्याचा आतला व्यास. व्यासासाठी व्हर्नियर कॅलिपर लागतो, पट्टीनं काम भागत नाही. या तीन आकड्यांनी निम्मी ओळख पटते. ब्रिटिश १९०७ चं पातं १७ इंच आणि कडं साधारण १६.५ मिलिमीटर. जर्मन ८४/९८ चं पातं साधारण २५ सेंटिमीटर. जपानी टाइप ३० चं ४० सेंटिमीटर. फ्रेंच लेबेल रायफलची १८८६ ची संगीन म्हणजे ५२ सेंटिमीटरची चार कंगोऱ्यांची सळई. ब्रिटिश नंबर ४ ही आठ इंचांची साधी खिळ्यासारखी, तिला मूठच नाही.

पातं आखूड दिसलं म्हणून ते मोडून घासलेलं आहे असं लगेच ठरवू नका. अमेरिकेनं १९०५ नमुन्याची १६ इंची पाती १९४३ नंतर मोठ्या प्रमाणावर कापून १० इंचांची केली. तो लष्करानंच केलेला बदल आहे, नुकसान नव्हे. कापलेलं पातं ओळखायचं कसं? मुळातच १० इंचांच्या पात्यात फुलर टोकाच्या अलीकडे संपतो. कापलेल्यात तो थेट टोकापर्यंत जातो.

दुसरी पायरी: ठसे वाचा

नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. रिकासोवर १९०७ दिसलं की संगीन १९०७ ची, असं धरलं जातं. ते नमुन्याचं वर्ष आहे, बनवल्याचं नाही. ब्रिटिश १९०७ वर वरून खाली वाचत या: मुकुट, त्याखाली राजाची अक्षरं, मग १९०७, मग महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे, आणि खाली कारखान्याचं नाव. बनवल्याची तारीख ती, महिन्याची. राजाच्या अक्षरांत ई आर असेल तर सातवा एडवर्ड, जी आर असेल तर पाचवा जॉर्ज. कारखान्यांत विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन, मोल, व्हिकर्स, एनफिल्ड ही नावं येतात. याच नमुन्याच्या संगिनी ऑस्ट्रेलियात लिथगोला आणि भारतात ईशापूरलाही बनल्या, आणि अमेरिकेत रेमिंग्टननंही काही काळ बनवल्या.

दुसऱ्या बाजूला बाण दिसतो. ती ब्रिटिश सरकारी मालकीची खूण. फुलीसारखा ठसा म्हणजे पातं वाकवून पुन्हा सरळ होतं का याची चाचणी झाली. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ती संगीन सेवेतून काढून विकली गेली. ही खूण पाहून काही जण वस्तू खोटी आहे म्हणून टाकून देतात. उलट ती तिच्या प्रवासाची नोंद आहे.

अमेरिकेच्या १९१७ नमुन्यावरही १९१७ हे नमुन्याचंच वर्ष आहे. फ्रेंचांचा प्रकार मात्र वेगळा. १८७४ च्या ग्रा संगिनीच्या पाठीवर वळणदार अक्षरांत कारखाना, महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. सेंट एतिएन, शातेलरो, तुल अशी नावं तिथे वाचायला मिळतात, आणि ते वर्ष खरोखर बनवल्याचंच असतं. प्रशियन (जर्मन) ९८/०५ च्या पाठीवर मुकुट, राजाच्या नावाचं डब्ल्यू आणि वर्षाचे दोन आकडे असतात.

ठसा पुसट असेल तर तो घासून उजळायचा नाही. खोली अंधारी करा, टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर धरा आणि हळूहळू फिरवा. सपाट दिसणारा पत्रा अचानक बोलायला लागतो. मला अजूनही या क्षणाचा आनंद संगीन विकत घेण्याहून जास्त वाटतो. फोटोही याच तिरप्या उजेडात काढा.

शेवटी क्रमांक जुळतात का ते पाहा. ग्रा संगिनीत क्रॉसगार्डवर आणि म्यानावर क्रमांक असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ८४/९८ वर तो पात्यावर आणि म्यानावर असतो. जुन्या साठ्यांत संगिनी एकीकडे आणि म्यानं दुसरीकडे ढिगानं पडत असल्यामुळे बहुतेक जोड्या फुटल्या आहेत. जुळणारी जोडी मिळाली तर ती कधीही फोडू नका, दुसरं म्यान कितीही देखणं असलं तरी.

तिसरी पायरी: गंज थांबवा, वय पुसू नका

लाल गंज आणि काळपट-तपकिरी थर यांतला फरक कळला की निम्मी डागडुजी आली. पांढऱ्या कापडावर तेलाचा थेंब घेऊन हलकेच पुसा. कापड नारिंगी झालं तर गंज जिवंत आहे, लोखंड खातो आहे. कापड जवळजवळ स्वच्छ राहिलं आणि धातू गुळगुळीत, गडद असेल तर तो जुना स्थिर थर आहे. त्याला हात लावू नका. तोच वयाचा पुरावा असतो आणि जाणकार त्याचेच पैसे देतात.

जिवंत गंजासाठी आधी तेल. गंज सोडवणारं पातळ तेल किंवा साधं शिलाई मशीनचं तेल लावून दोन-तीन दिवस ठेवा. मग पितळेच्या किंवा तांब्याच्या पट्टीची कड आडवी धरून गंजाच्या पापुद्र्यांवर फिरवा. पितळ पोलादाहून मऊ असल्यानं गंज निघतो आणि पोलादावर ओरखडा येत नाही. उरलेल्यासाठी सर्वांत बारीक, चार शून्यांचं (०००० क्रमांकाचं) स्टील वूल, म्हणजे बारीक पोलादी तंतूंचा बोळा, तेलात भिजवून, अगदी हलक्या हातानं, पात्याच्या लांबीच्या दिशेनं. मूळ निळसर-काळा रंग म्हणजे ब्लूइंग शिल्लक असेल तर स्टील वूलही जपूनच वापरा. पुसा, पाहा, पुन्हा तेल लावा. एका बैठकीत काम संपवायची घाई करू नका. माझा एक तुकडा तीन महिने तेलात होता.

काचपेपर, तारेचं चाक, बफिंग मशीन, व्हिनेगर आणि गंज उतरवणारी आम्लं या कामात आणायची नाहीत. ब्लूइंग हाही एक प्रकारचा ऑक्साइडच आहे. गंज खाणारं आम्ल त्याला सोडत नाही. धुण्याचा सोडा आणि बॅटरी वापरून विजेनं गंज काढण्याची पद्धतही ब्लूइंग घालवते. संपूर्ण गंजलेल्या, कोणताच रंग न उरलेल्या तुकड्यासाठीच ती ठीक. ती केलीच तर बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला साधं लोखंड लावा, स्टेनलेस स्टील कधीही नाही, कारण त्यातल्या क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. बाहेर पडणारा वायू हायड्रोजन असतो, तेव्हा जागा उघडी हवी आणि जवळ ज्योत नको.

मला स्वतःला सर्वांत आवडते ती उकळण्याची पद्धत, विशेषतः जुन्या नळीवाल्या त्रिकोणी संगिनींसाठी (मुठीऐवजी बंदुकीच्या तोंडावर चढणारी नळी असलेल्या), कारण त्या सबंध धातूच्या असतात. सुटा गंज आणि सगळं तेल आधी काढून टाका. डिस्टिल्ड पाण्यात तुकडा पूर्ण बुडवून वीस-तीस मिनिटं उकळा. लाल गंजाचं रूपांतर काळ्या, घट्ट ऑक्साइडमध्ये होतं. बाहेर काढल्यावर वरची काळी भुकटी तेल नसलेल्या स्टील वूलनं अलगद पुसा, आणि गरज पडली तर हेच पुन्हा करा. शेवटी नीट वाळवून तेल लावा. धातू कमी होत नाही, ठसे तसेच राहतात आणि रंग मूळ स्वरूपाच्या जवळ जातो. नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांचे डाग पडतात. लाकडी मुठीची संगीन मात्र लाकूड उतरवल्याशिवाय उकळायची नाही.

सगळं झालं की संरक्षक थर द्या. हाताळण्याच्या वस्तूला तेल, मांडून ठेवायच्या वस्तूला मेण. १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स संग्राहक आजही वापरतात. कापडावर नखाएवढं घ्या, पातळ लावा, सुकू द्या आणि पुसून काढा.

मूठ, खटका आणि वाकलेलं पातं

लाकडी पट्ट्या उतरवायची खुमखुमी प्रत्येकाला येते. खाली गंज आहे असा स्पष्ट पुरावा नसेल तर उतरवू नका. उतरवायच्याच असतील तर स्क्रूच्या खाचेत घट्ट आणि पूर्ण रुंदीनं बसेल असा स्क्रूड्रायव्हर हवा. बाजारात मिळणाऱ्याचं टोक निमुळतं असतं, ते खाचेच्या मापानं घासून समांतर करून घ्या. आदल्या रात्री स्क्रूला तेल द्या. खाच फाटलेले स्क्रू दुरून दिसतात, आणि पाहणारा लगेच समजतो की आत कोणीतरी हात घातला आहे.

लाकूड घासायचं नाही, कारण त्यावर तपासनिसांचे आणि पलटणीचे ठसे असू शकतात. किंचित ओल्या कापडानं मळ काढा, पूर्ण वाळू द्या आणि जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब बोटानं चोळा. इथे एक इशारा मनापासून: जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कचऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेतो. उघड्यावर पसरून कडक वाळवा, मगच टाका.

अडकलेला खटका बहुतेक वेळा जुन्या ग्रीसनं अडकलेला असतो. रॉकेल किंवा पातळ तेल आत सोडा, दिवसभर ठेवा, बोटानं दाबत राहा. हातोडी नको. १९०७ च्या पोमेलजवळ आरपार एक छोटं भोक दिसतं. खाचेतला कचरा बाहेर पडावा म्हणून ते १९१६ पासून पाडलं जाऊ लागलं. तिथूनही साफसफाई करता येते.

पात्याला थोडा बाक असेल तर तो बहुधा तसाच राहू द्या. सरळ करायचाच असेल तर लाकडी जबड्यांच्या व्हाइसमध्ये धरून, थंड अवस्थेत, थोडा थोडा. तापवायचं कधीच नाही. पोलाद साधारण २२० अंश सेल्सिअसला पिवळसर आणि ३०० च्या आसपास निळं होतं, म्हणजे तोवर त्याचं मूळ पाणी उतरायला लागलेलं असतं. धारही लावू नका. युद्धावर जाताना अनेक पलटणींनी पाती धारदार करून घेतली होती, आणि ती जुनी धार हा इतिहास आहे. तुम्ही लावलेली नवी धार हे फक्त नुकसान.

म्यान

पोलादी म्यान सोपं: आतून तेल, बाहेरचा मूळ रंग जसा आहे तसा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा खरवडू नका.

चामडं अवघड. जुनं चामडं लाल भुकटी सोडू लागलं की त्याला तेल पाजायचा मोह होतो. तेलानं ते काळं पडतं, मऊ होतं आणि शिवण कुजते. अशा भुकटीसाठी हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज अल्कोहोलमध्ये विरघळवून त्याचा पातळ हात देतात. त्यानं चामडं काळं न पडता कण धरून राहतात. पितळी खिळ्यांभोवती हिरवा मेणचट कळंक येतो, तो लाकडी टूथपिकनं काढा. आकसलेल्या चामड्यात पातं जोरानं घालू नका, आणि संगीन चामड्याच्या म्यानात कायमची ठेवूही नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि त्यातली आम्लं पात्यावर डाग पाडतात. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा.

किंमत कशी ठरवायची

वय म्हणजे किंमत नव्हे. ग्रा संगीन दीडशे वर्षांची झाली, पण ती इतक्या संख्येनं बनली की आजही सहज मिळते. उलट १९०७ नमुन्याच्या सुरुवातीच्या संगिनींच्या क्रॉसगार्डला वळलेला हूक होता, तो १९१३ मध्ये काढला गेला आणि आधीच्याही बहुतेकांवरून कापला गेला. म्हणून मूळ हूक असलेली १९०७ दुर्मीळ, आणि म्हणूनच तिच्या नकलाही भरपूर.

मी प्रश्न या क्रमानं विचारतो. नेमका नमुना आणि कारखाना कोणता? सगळे भाग एकाच काळचे आहेत का? म्यान योग्य आहे का आणि क्रमांक जुळतो का? मूळ पृष्ठभाग किती उरला आहे? पलटणीचे ठसे आहेत का? आणि अगदी शेवटी, तिची काही लिखित हकीकत आहे का? "आजोबांनी रणांगणावरून आणली" ही सांगोवांगी झाली. नाव, पत्र, जुना फोटो असं काही हातात असेल तरच ती मोजायची. पैसे वस्तूचे द्यायचे, गोष्टीचे नाहीत.

भाव काढताना मागितलेली किंमत पाहू नका, कोणीही काहीही मागू शकतो. प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या वस्तूंच्या नोंदी शोधा. त्याच नमुन्याच्या, तशाच अवस्थेच्या आठ-दहा विक्री लिहून काढा, सर्वांत वरची आणि सर्वांत खालची सोडा आणि उरलेल्यांचा पट्टा पाहा. लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराचं कमिशन धरलं आहे की नाही हे तपासा, नाहीतर तुलना फसते. नव्यानं केलेलं ब्लूइंग, घासलेले ठसे, बदललेलं लाकूड आणि नवी धार यांपैकी काहीही असलं की त्या पट्ट्याच्या तळाशी जा, अनेकदा त्याखालीही.

नकला ओळखण्यासाठी ठसा आणि आकार एकमेकांशी बोलतात का ते पाहा. १९०७ ला हूक आहे आणि तारीख १९१६ ची, तर हूक नंतर जोडला आहे. जोड जिथे असेल तिथे भिंगानं सांधा किंवा घासल्याचा वेगळा पोत शोधा. जर्मन ९८/०५ ची पाठीला करवतीचे दात असलेली आवृत्तीही महाग, म्हणून साध्या पात्यावर दात कापले जातात. मूळ दातांच्या खाचांतही पात्याइतकाच जुना थर असतो, नव्या दातांत पोलाद ताजं दिसतं. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा गोलसर आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं असतात. आम्लानं आणलेला गंज सगळीकडे सारखाच नारिंगी असतो. खरा गंज लहरी असतो: बोटांच्या जागी दाट, म्यानात झाकलेल्या भागात विरळ.

एखादा स्क्रू, स्प्रिंग किंवा म्यान तुम्ही बदललं असेल तर नोंद करा आणि विकताना आपणहून सांगा. प्रत्येक संगिनीसाठी मी एक कार्ड ठेवतो: मापं, ठशांची नक्कल, घेतल्याची तारीख आणि रक्कम, केलेलं प्रत्येक काम, आणि काढून ठेवलेला मूळ भाग कुठल्या पाकिटात आहे ते.

साठवण कोरडी हवी, साधारण ५० टक्के आर्द्रता आणि डब्यात सिलिका जेलची पाकिटं. हाताळताना हातमोजे घाला, घामातल्या क्षारानं काही दिवसांत बोटांचे ठसे गंजून उमटतात. दर सहा महिन्यांनी सगळ्या बाहेर काढा आणि सर्वांत आधी कड्याची आतली बाजू, खटक्याची खाच आणि क्रॉसगार्ड पात्याला मिळतो तो सांधा पाहा. नवा गंज तिथूनच सुरू होतो.